क्षारपड जमिनीवर पीएच.डी. : ऑस्ट्रेलियात पूर्ण स्कॉलरशिप खरंच मिळते का?

शिरोळचा_मातीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी शिरोळ तालुक्यातला, जिल्हा कोल्हापूर. एम.एस्सी. (कृषी), विषय मृदाशास्त्र, ओजीपीए ८.१. प्रबंध क्षारपड-चोपण जमिनीत जिप्सम आणि धैंचा (हिरवळीचं खत) यांच्या परिणामावर होता. सध्या एका कारखान्याच्या माती परीक्षण लॅबमध्ये आहे, पगार १८ हजार. दिवसाला चाळीसेक नमुने येतात. ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) काढायचा, पीएच काढायचा, कार्डावर शिक्का मारायचा. वय २७. घरी अडीच एकर, त्यातलं एक एकर वडिलांच्या भाषेत 'मिठागर'.

पीएच.डी. करायची आहे, तीही याच विषयात. ऑस्ट्रेलियात अशा जमिनी भरपूर आहेत आणि तिथली विद्यापीठं फी माफ करून वर महिन्याला खर्चाला पैसे देतात, असं ऐकलंय. सांगलीत एका कन्सल्टन्सीवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणतो, 'दीड लाख द्या, दहा विद्यापीठांत फॉर्म भरतो, एक तरी लागेल.' वडील म्हणतात, त्या पैशांत बोअर झाला असता.

माझे प्रश्न: स्कॉलरशिप खरंच पूर्ण असते का? फॉर्म भरण्याआधी गाईड शोधावा लागतो म्हणतात, ते कसं करायचं? मी २६ प्रोफेसरांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. आणि 'रिसर्च प्रपोजल'मध्ये नक्की काय लिहायचं? माझं एकच पेपर आहे, तेही मराठी परिसंवादातलं.

---

खारपाणपट्टा

दीड लाख आधी खिशात परत ठेव. मग पुढचं वाच.

मी अकोल्याकडची. आमच्या पूर्णा खोऱ्याला खारपाणपट्टाच म्हणतात, म्हणून हे नाव. २०१८ ते २०२२ ॲडलेडला, वेट कॅम्पसवर पीएच.डी. केली, विषय तुझाच. त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे. चहा घेऊन बस.

स्कॉलरशिप पूर्ण असते. तिथल्या केंद्र सरकारच्या पैशांवर चालणारी योजना आहे, रिसर्च ट्रेनिंग प्रोग्राम. सगळे आरटीपी म्हणतात. पैसे सरकारचे, निवड विद्यापीठाची. ट्यूशन फी माफ आणि राहण्या-खाण्याला स्टायपेंड. मी गेले त्या वर्षी किमान दर वर्षाला २७,०८२ डॉलर होता. २०२५ मध्ये तो ३३,५११ झाला. तिथे पगार पंधरवड्याने होतो, म्हणजे माझ्या हातात दर दुसऱ्या आठवड्याला हजार-एकेचाळीस डॉलर पडायचे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला त्यावर टॅक्स नाही. मी दोन मुलींबरोबर घर घेतलं होतं, खोलीचे आठवड्याला १६५ द्यायचे. श्रीमंती नव्हती, पण घरून एक रुपया मागवावा लागला नाही. आता भाडी फार वाढलीत, त्यामुळे माझा आकडा धरून चालू नकोस.

पण परदेशी मुलांसाठी जागा मोजक्या असतात. सगळ्या अर्जांना गुण देऊन यादी लावतात: मार्क, प्रबंध, पेपर, अनुभव. आणि यादीत वर जायचं तर आतून कोणीतरी 'हा मला हवाय' असं म्हणावं लागतं. कन्सल्टन्सीवाला नेमकं हेच करू शकत नाही. तो फॉर्म भरतो. फॉर्म तर तुझी धाकटी बहीणही भरेल.

आता तुझे २६ मेल. न वाचता सांगते, सुरुवात 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग अँड सिन्सिअर स्टुडंट' अशी असणार. माझीही तशीच होती. त्रेचाळीस पाठवले होते. दोन उत्तरं आली, दोन्ही 'शुभेच्छा'.

मग मी एक केलं. एकाच माणसाचे चार पेपर घेतले आणि गावी गेले. आईच्या ओसरीवर बसून आठ दिवस वाचले. त्यात एक गोष्ट टोचली. आपण शिकतो की ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा टक्का, १५ च्या वर गेला की जमीन चोपण. हा १५ अमेरिकेच्या १९५४ च्या हँडबुकातला आकडा, आपण तो घोकलाय. ऑस्ट्रेलियात मात्र ६ लाच सोडिक, म्हणजे चोपण, म्हणतात. आणि आमच्या पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी दाखवलंय की १५ च्या कितीतरी आधीच पाणी मुरायचं थांबतं. म्हणजे आमची माती त्या बाबतीत अमेरिकेपेक्षा ऑस्ट्रेलियाच्या जवळची! पण मातीतली चिकण खनिजं वेगळी: त्यांच्या लाल मातीत इलाइट आणि केओलिनाइट जास्त, आमच्या काळीत स्मेक्टाइट. मग दोन्हीकडे असं का होतं?

तेवढाच प्रश्न मी मेलमध्ये लिहिला. मेल नऊ ओळींचा. शेवटी दोन ओळी माझ्याबद्दल. 'हार्डवर्किंग' शब्द काढून टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे काही आकडे आहेत का?

आकडे होते. प्रबंधाच्या परिशिष्टात पडलेले. तिथून गाडी रुळावर आली.

तेव्हा तू आधी हे सांग: रोज चाळीस नमुने तपासतोस, त्यात तुला न कळलेलं असं काय दिसतं? लॅबमधलं चालेल, वडिलांच्या शेतातलंही चालेल.

---

तासिका_तत्त्व

मी मराठीचा, त्यामुळे मातीतलं काही कळत नाही, पण परदेशाच्या नादात इथली दारं बंद करू नका एवढं सांगायला आलो. जेआरएफ ही संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पहिली दोन वर्षं. मग एसआरएफ ४२ हजार, वर घरभाडं. कृषीवाल्यांसाठी आयसीएआरची परीक्षा वेगळी असते, ती बघा. शिवाय राज्यात सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आपण कुठल्या प्रवर्गात बसतो त्याप्रमाणे बघायचं.

आता दुसरी बाजू. मी कुठली फेलोशिप घेतली ते सांगत नाही, कारण अजून पुढचा हप्ता यायचाय. माझे पैसे एकदा सात महिने आले नाहीत. दर महिन्याला उपस्थिती पत्रक, गाईडची सही, विभागप्रमुखाची सही, मग केंद्राची. एकदा सही निळ्या पेनाऐवजी काळ्याने झाली म्हणून फाईल परत. त्या सात महिन्यांत मी तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं केली: सकाळी एक, दुपारी एक, आणि शनिवारी तिसरं, साठ किलोमीटरवर. प्रबंधाचं दुसरं प्रकरण मी एसटीत लिहिलंय, अक्षर बघून गाईडनी विचारलं, 'हात मोडला होता का?'

तरी आपल्या भाषेत, आपल्या माणसांत काम होतं. तुमची माती इथलीच आहे, हेही लक्षात ठेवा.

---

फोंडेकर

थोडक्यात जर्मनीचं सांगतो. तिथे बऱ्याचदा पीएच.डी. म्हणजे स्कॉलरशिप नसून नोकरी असते. विद्यापीठ जागेची जाहिरात देतं, निवड झाली की तुम्ही कर्मचारी. पगार सरकारी श्रेणीने, टीव्ही-एल ई-१३, पण पूर्ण नाही: ५० टक्के, ६५ टक्के असं करारात लिहिलेलं असतं. काम मात्र शंभर टक्के, ते कुठे लिहिलेलं नसतं. शेतीसाठी होहेनहाइम, ग्योटिंगेन, बॉन यांच्या साईटवर जाहिराती बघत जा. अर्ज जाहिरातीत मागितलाय तसाच पाठवायचा. माझ्या वेळी 'सगळं एका पीडीएफमध्ये' असं लिहिलं होतं आणि आमच्या विभागात एकाने सोळा फाईल जोडल्या होत्या. त्या उघडल्याच नाहीत.

---

शिरोळचा_मातीवाला

ताई, अंदाज बरोबर आहे. 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' होतं. त्यात 'युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी'पण होतं.

न कळलेलं म्हणाल तर एक आहे, पण ते संशोधनात बसतं का माहीत नाही. आमच्या शिवारात पाच-सहा वर्षांपूर्वी काही शेतकऱ्यांनी मिळून भूमिगत सच्छिद्र निचरा टाकला, जमिनीखाली भोकांचे पाईप. खर्च भरपूर. पहिल्या वर्षी जादू झाली. ईसी ९ वरून ३ वर आला, पांढरी पोपडी गेली, ऊस उभा राहिला. वडील गावभर सांगत सुटले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच वाफ्यांत पाणी साचायला लागलं. पाईप तुंबलेत म्हणून उकरून बघितले, पाईप मोकळे. पाणी पाईपापर्यंत पोचतच नव्हतं. वरचा थर ओला असताना साबणासारखा आणि वाळल्यावर सिमेंट. लॅबचं कार्ड मात्र म्हणतंय, ईसी कमी, जमीन सुधारली. शेतकरी कार्ड घेऊन माझ्यासमोर उभे राहतात आणि मी काय सांगू ते कळत नाही.

---

खारपाणपट्टा

अरे बाबा! हेच तुझं प्रपोजल आहे की. दीड लाख द्यायला निघाला होतास.

काय झालं असेल बघ. तुमच्या जमिनीत क्षारही होते आणि सोडियमही. क्षार भरपूर असतात तोवर मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. निचऱ्याने आणि पावसाने क्षार धुऊन गेले, कणांना चिकटलेलं सोडियम तसंच राहिलं. आता पावसाचं गोडं पाणी पडलं की कण सुटे होतात आणि भोकं बुजतात. म्हणजे क्षार गेले आणि चोपण उरली. तुमचं कार्ड ईसी बघतं, ईएसपी बघत नाही, म्हणून कार्ड खूश. ते सोडियम हटवायला जिप्सम लागतं. निचऱ्याबरोबर ते किती टाकलं होतं? बहुतेक शून्य, कारण पाईपाच्या खर्चातच सगळे थकले असणार.

हा माझा अंदाज आहे. तपासायला सोपी चाचणी आहे, इमर्सन टेस्ट. ती सुचवणारा माणूसही ऑस्ट्रेलियातलाच. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर घे. वाळलेलं, वाटाण्याएवढं ढेकूळ हलकेच सोड. ढवळू नको, टेबलाला धक्का लावू नको. नुसतं फुटून तळाशी बसलं तर ठीक. भोवती दुधासारखा ढग आला तर कण सुटे होतायत. दुसऱ्या ग्लासात विहिरीचं पाणी घेऊन तेच कर आणि दोन्हींचा फोटो काढ. मी हे पहिल्यांदा आईच्या स्वयंपाकघरात केलं, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात. आई म्हणाली, 'एवढं शिकून माती भिजवते का पोरगी?'

आता कागदपत्रांचं. मला सगळ्यात जास्त इथेच भोगावं लागलं.

शिफारसपत्र आपल्यासारखं लिफाफ्यात देत नाहीत. तू फॉर्ममध्ये दोघा-तिघांचे ईमेल भरतोस, विद्यापीठ त्यांना थेट लिंक पाठवतं. माझ्या वेळी संस्थेचाच ईमेल हवा होता, जीमेल चालत नव्हता. माझे गाईड रेडिफ वापरायचे. कॉलेजच्या नावाचा ईमेल काढायला गेले तर कळलं, वेबसाईटचे पैसेच भरले नव्हते, ईमेल दोन महिने बंद. शेवटच्या तारखेला चार दिवस होते. मी लेखा विभागाच्या बाहेर बाकावर बसून राहिले, शेवटी क्लार्कदादांनी स्वतःच्या कार्डाने पैसे भरले. नंतर मी त्यांना पेढे दिले, पैसे परत मिळाले का ते विचारायचं धाडस झालं नाही. दुसरे सर म्हणाले, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तसं करू नकोस. तुझी आणि त्यांची भाषा सारखी दिसली की वाचणाऱ्याला कळतं. त्यांच्यासमोर बस आणि प्रबंधाच्या वेळची एखादी गोष्ट आठवण करून दे, म्हणजे ते स्वतः दोन वाक्यं खरी लिहितील.

ट्रान्सक्रिप्टला आत्ताच अर्ज टाक. माझं पाच आठवड्यांनी मिळालं, कारण शिक्का मारणारे रजेवर आणि शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये.

आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, बहुतेक ठिकाणी ६.५, प्रत्येक भागात ६ च्या खाली नको. रायटिंगला घाबर, बाकी जमेल. तुझ्या एम.एस्सी.ला प्रबंध आहे ही मोठी जमेची बाजू. संशोधनाचा भाग किती होता हे ते बारकाईने बघतात. परिसंवादातलं मराठी पेपर लाजून लपवू नकोस, इंग्रजी सारांशासकट यादीत टाक.

आणि घड्याळ. ॲडलेड आपल्या चार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात पाच. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले संध्याकाळचे सात-आठ. मी 'रात्री जेवून सबमिट करते' म्हणणार होते. भावाने दुपारी सहज विचारलं म्हणून वाचले.

व्हिसाचे पैसे मात्र तुलाच उभे करावे लागतील. विद्यार्थी व्हिसा, सबक्लास ५००, जुलै २०२५ पासून २,००० डॉलर, आणि तो नाकारला तरी पैसे परत नाहीत. आरोग्य विमा काही ठिकाणी स्कॉलरशिपमध्ये असतो, काही ठिकाणी नसतो. ऑफर लेटरमध्ये ती ओळ शोध. मी गेले ते विद्यापीठ जानेवारी २०२६ पासून दुसऱ्या एका विद्यापीठाशी जोडून 'ॲडलेड युनिव्हर्सिटी' झालंय, त्यामुळे जुन्या साईटवरचे नियम वाचून हुरळू नकोस.

एक गंमत सांगते. तिथे मातीवरच्या बऱ्याच प्रकल्पांना पैसे देणारं एक महामंडळ आहे, जीआरडीसी. धान्य विकलं की शेतकऱ्याच्या रकमेतून थोडी कपात होते, त्यात सरकार भर घालतं आणि त्यातून संशोधन चालतं. आपला कारखाना उसाच्या बिलातून कपात करतो तशीच. फरक एवढाच की माझ्या प्लॉटवर शेतकरी येऊन विचारायचे, 'आमच्या पैशांचं काय केलंस?' पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाम फुटला होता.

---

तासिका_तत्त्व

ताईंचा क्लार्कदादा वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे क्लार्क जेवायला गेला की दोन वाजतात आणि दोनला परीक्षा विभाग बंद होतो.

मातीवाले, ग्लासाचं काय झालं ते कळवा. आता मलाही उत्सुकता आहे.

---

शिरोळचा_मातीवाला

केलं. चार शेतांतली ढेकळं आणली, दोन निचरावाली, दोन बिननिचऱ्याची. लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर. रात्री साडेनऊला ग्लास देवघरासमोरच्या फडताळात ठेवले, कारण घरात तेवढीच जागा आहे जिथे कोणी धक्का मारत नाही.

दहा मिनिटांत निचरावाल्या दोन्ही ग्लासांत ढग आला. अगदी दुधात पाणी टाकल्यासारखा. बिननिचऱ्याची पोपडीवाली माती मात्र फुटून गप्प तळाशी बसली, वर पाणी नितळ. मी उलट धरून बसलो होतो, वाटलं ग्लासांच्या चिठ्ठ्या बदलल्या. परत केलं, तेच. मग निचरावाली माती विहिरीच्या पाण्यात टाकली, आमच्या विहिरीचा ईसी दोनच्या वर आहे. ढग नाही!

वडील शेजारी उभे होते. म्हणाले, 'म्हणजे पाईपाची चूक नाही तर.' मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, जिप्समची गोणी कितीला पडते.

जिप्सम शून्य टाकलं होतं, ताई.

कारखान्याच्या साहेबांना विचारून गेल्या सहा वर्षांची रजिस्टरं बघायला मागितलीत. निचरा टाकलेल्या गटांचे जवळपास तीनशे नमुने आहेत. फक्त ईसी आणि पीएच, पण पीएच ८.१ वरून ८.९ पर्यंत चढलेला दिसतोय. हा चढ आत्तापर्यंत कोणी सलग वाचलाच नव्हता, मीही नाही.

प्रोफेसर एकच निवडले, सोडिक सबसॉइलवर काम करणारे. त्यांचे तीन पेपर प्रिंट काढून वाचले, दुसरा दोनदा. मेल असा केलाय, इथे मराठीत सांगतो:

'मी महाराष्ट्रातल्या कृष्णा खोऱ्यातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या भागात भूमिगत निचऱ्यानंतर दोन वर्षांनी जमिनी पाणी मुरवेनाशा झाल्या, ईसी कमी होऊनही. क्षार धुऊन गेल्यावर पोटॅशियम कणांवर मागे राहतं आणि कण सुटे होतात, असा माझा तर्क आहे. डिस्टिल्ड वॉटरमधल्या चाचणीत निचरा केलेली माती विखुरली, न केलेली नाही. फोटो जोडला आहे. तुमच्या पेपरात जिप्सम निचऱ्याआधी द्यावं की नंतर, हे तपासलेलं दिसलं नाही. आमच्याकडे ३०० नमुन्यांच्या नोंदी आहेत. यावर पीएच.डी. करण्याबद्दल तुमच्याशी बोलता येईल का?' मग ओजीपीए आणि प्रबंधाचं नाव. संपलं.

पाठवू का? इंग्रजी मजकूर तुम्हाला वैयक्तिक निरोपात टाकलाय.

---

खारपाणपट्टा

फोटो बघितला. मागे देवघरातली समई दिसतेय, ती राहू दे, पण शेजारी पट्टी ठेवून पुन्हा काढ आणि ग्लासांवर वेळ लिही.

'जिप्सम आधी की नंतर' हा प्रश्न छान आहे, तो पहिल्या तीन ओळींत आण. नमुने 'जवळपास ३००' असतील तर तसंच लिही, मोजले असशील तर नेमका आकडा लिही. आणि ती नोंद वापरायची कारखान्याची परवानगी लेखी घे. साहेबांची बदली झाली की तोंडी परवानगी पण बदलते.

मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे सोडियमच्या जागी पोटॅशियम लिहिलंयस. रात्री किती वाजता लिहिलंस? ते दुरुस्त कर, एकदा झोप काढ, मग सकाळी पाठव.